काळ्या मातीत स्क्रू पाइलचा पाया: नाशिक परिसरात कोणाचा अनुभव आहे?

पिंपळपार | रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

मखमलाबाद शिवारात आमचं बैठं घर आहे. वडिलांनी १९९४ साली बांधलेलं. कॉलम नाहीत, भिंतींवरच स्लॅब टेकलाय. पाया दगडी, चार फूट खोल. खाली सगळी काळी माती. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी चीर उघडते, तिच्यात रुपयाचं नाणं सहज जातं. गणपती बसेपर्यंत ती मिटलेली असते. वडील होते तोवर दर दिवाळीला लांबी (पुट्टी) भरून रंग द्यायचे, आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा तिथेच यायची.

आता आईसाठी पश्चिमेलाच १२ बाय १४ फुटांची खोली, लागून बाथरूम आणि पुढे छोटी पडवी काढायची आहे. पहिल्या इंजिनिअरांनी सांगितलं की फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ, मुरमापर्यंत न्यावंच लागेल. शेजारच्या विहिरीवरून मुरूम नऊ-दहा फुटांवर असावा. म्हणजे चार फुटांच्या जुन्या दगडी पायाला चिकटून दहा फुटांचे खड्डे. जेसीबी तिथे उभा राहिलेला नुसता डोळ्यांसमोर आणला तरी पोटात गोळा येतो.

दुसऱ्या एका सल्लागारांनी स्क्रू पाइल सुचवले. खाली मोठ्या आट्यासारख्या पात्या असलेला लोखंडी पाइप यंत्राने जमिनीत फिरवत उतरवायचा. खड्डा नाही, हादरे नाहीत, काँक्रीट वाळण्याची वाट नाही, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान वाटतं. पण नाशिकमध्ये कोणी घराला वापरलेत का? आपल्या मातीत लोखंड किती टिकेल? आणि त्याच पाइलने जुन्या घराची चीर थांबवता येईल का? आईला विचारलं तर म्हणते, "तुझ्या वडिलांनी दगड घातलेत, तू लोखंड घाल, पण घर हलवू नको."

नवी_वाट | रविवार, रात्री ९.५०

ताई, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनुभव नाही, पण या पाइलचा इतिहास वाचून मी थक्क झालो होतो म्हणून लिहितो. ही कल्पना नवी नाही. अलेक्झांडर मिचेल नावाच्या आयरिश माणसाने १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. समुद्रतळाच्या वाळूत आणि चिखलात जहाजांचे नांगर पक्के रोवायला त्याने मोठा लोखंडी स्क्रू वापरला, मग त्याच स्क्रूंवर दीपगृहं उभी केली. टेम्सच्या मुखाशी मॅप्लिन सँड्सला आणि फ्लीटवूडजवळ वायरला. तेव्हा यंत्र कुठलं? माणसं गोल फिरत लांब दांडे ढकलायची आणि खांब वाळूत उतरायचा. पुढे आपल्याकडे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या पुलांनाही असे ओतीव लोखंडी स्क्रू पाइल वापरले गेले.

मातीकाम | रविवार, रात्री ११.३५

ताई, मी माती तपासणीच्या कामात आहे, नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही नवी खोली आणि जुनी चीर असे दोन वेगळे प्रश्न एका दमात विचारलेत आणि त्यांची उत्तरं उलट आहेत.

आधी चिरेबद्दल. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि उन्हाने आकसतं. ओलावा ऋतूप्रमाणे जिथपर्यंत बदलतो, तिथपर्यंतची माती वर्षभर वर-खाली होत राहते. आपल्याकडच्या खोल काळ्या मातीत ही जाडी साधारण साडेतीन मीटर धरतात. तुमचा पाया चार फुटांवर, म्हणजे त्या हलत्या थराच्या ऐन मध्यात बसलाय. मेमध्ये माती आकसली की कोपरा खाली जातो आणि चीर उघडते. श्रावणापर्यंत माती फुगते, कोपरा उचलला जातो, चीर मिटते. लांबीचा यात काहीच दोष नाही.

नव्या खोलीचं गणित सोपं आहे: भार हलत्या थराच्या खाली न्यायचा आणि हलत्या थराला वरच्या बांधकामाला शक्य तितकं कमी धरू द्यायचं. स्क्रू पाइलची खरी ताकद मला दुसऱ्या भागात दिसते. माती फुगताना पाइलची बाजू पकडून त्याला वर ओढते. समजा ही पकड दर चौरस मीटरला ५० किलोन्यूटन आहे आणि मुरमाच्या वरचा हलता थर अडीच मीटर. ३०० मिमी व्यासाच्या काँक्रीट पाइलची बाजू होते सुमारे २.३६ चौरस मीटर, म्हणजे वरची ओढ ११८ किलोन्यूटन, बारा टन. ८९ मिमीच्या पाइपची बाजू ०.७ चौरस मीटर, ओढ ३५ किलोन्यूटन. साडेतीन टनांच्या आसपास. तुमची खोली बैठी आहे, एका पाइलवर चार-पाच टन कायमचं वजन येईल. बारा टनांची ओढ त्याला उचलू बघेल, साडेतीन टनांची नाही. शिवाय खालच्या पात्या मुरमात अडकलेल्या असतात, त्या नांगरासारखं धरून ठेवतात.

पण पाती हलत्या थरातच राहिली तर हेच सगळं उलटं होतं. पातीखालची माती फुगली की ती पाइलसकट खोली उचलेल. म्हणून सल्लागारांना पहिला प्रश्न हा विचारा: सगळ्यात वरची पाती किती खोलीवर असणार? किंमत नंतर.

उतरवताना यंत्राला किती पीळ द्यावा लागतो, म्हणजे टॉर्क, यावरून पाइल किती भार घेईल याचा अंदाज बांधतात. ८९ मिमी पाइपसाठी टॉर्कला सुमारे २३ ने गुणतात. ८ किलोन्यूटन-मीटर टॉर्क लागला तर अंतिम क्षमता १८४ किलोन्यूटन. निम्मी सुरक्षिततेसाठी सोडली की कामाचा भार नऊ टन. पाइपचा व्यास वाढला की हा गुणक कमी होतो, म्हणून दुसऱ्या साइटचा आकडा आपल्याला चालत नाही.

यात आपल्या मातीचा एक धोका आहे आणि तो बाहेरून येणाऱ्या माणसाला कळत नाही. मेमध्ये काळी माती वरून विटेसारखी कडक होते. दीड मीटरवरच टॉर्क आठाच्या वर जातो. यंत्रवाला म्हणतो, झालं काम. ऑगस्टमध्ये तीच माती लोण्यासारखी होते. तेव्हा कागदावर दोन अटी लिहून घ्या, किमान टॉर्क *आणि* किमान खोली. एक पुरी झाली म्हणून दुसरी सोडायची नाही.

सगळ्याच्या आधी माती तपासायला बोअर घ्या, निदान एक खड्डा तरी. शेजारची विहीर शेजाऱ्याची माती सांगते.

द्राक्षमळा | सोमवार, सकाळी ६.२०

ताई, घराचं मला सांगता यायचं नाही, पण स्क्रू अँकर आमच्या वावरात दोन वर्षांपासून आहेत. निफाड तालुका, कादवेकाठची काळी. पंधरा फूट खोदलं तरी काळीच.

द्राक्षाचा मांडव म्हणजे सगळा ताणाचा खेळ. आतल्या खांबांवर वजन असतं, पण कडेचे अँगल आत ओढले जातात, त्यांना बाहेरून तणावा लागतो. तणाव्याच्या टोकाला आम्ही वर्षानुवर्षं तारेत बांधलेला दगड पुरत आलो, अडीच-तीन फुटांवर. ऐन घडांच्या वजनात अवकाळी पाऊस आला, माती भिजली, आणि एका रात्रीत उत्तरेच्या बाजूचे सात दगड वर सरकले. सकाळी मांडव एका अंगावर बसलेला. माल काढायला पंधरा दिवस उरले होते. त्या सकाळी बांधावर बसलो ते दुपारपर्यंत उठलो नाही.

नंतर एकाकडून स्क्रू अँकर करून घेतले. पहिली खेप वाया गेली, ती का गेली ते सांगतो. त्याने पत्र्याची गोल चकती कापून, एका बाजूने फाडून, हाताने वाकवून दांड्याला जोडली होती. एक कड वर, एक कड खाली, मधे सगळं वेडंवाकडं. ट्रॅक्टरच्या ऑगरला, म्हणजे खड्डे पाडायच्या गिरमिटाला, लावून फिरवलं तर ते मातीत शिरेना, नुसतं घुसळत बसलं. वीस फेरे मारले तरी हातभर आत. बाहेर काढलं तर भोकात भुगा. तसेच दोन अँकर ठेवून बघितले, चेन पुलीने ओढले तर मुळ्यासारखे उपटून आले.

दुसऱ्या खेपेला पाती साच्यात दाबून घेतली. आटा ७५ मिमीचा, म्हणजे एका फेऱ्यात तीन इंच आत गेलाच पाहिजे. मी स्वतः दांड्यावर खडूच्या खुणा केल्या आणि पोराला फेरे मोजायला बसवलं. दहा फेऱ्यांत अडीच फूट. जिथं खूण मागं पडली तिथं थांबून वरून दाब वाढवला. साडेसहा फुटांवर नेले सगळे. गेल्या पावसाळ्यात एकही हलला नाही.

सातपूर_वेल्डर | सोमवार, दुपारी १.०५

द्राक्षमळा भाऊंनी बरोब्बर दुखणं पकडलंय. मी असं काम करतो म्हणून दोन गोष्टी.

पाती गरम करून किंवा प्रेसमध्ये साच्यात दाबूनच आटा काढावा. दोन्ही कडा समांतर आणि पाती दांड्याला सगळीकडे काटकोनात पाहिजे. तेव्हाच मागची पाती पुढच्या पातीने केलेल्या वाटेनेच जाते. दोन पात्या असतील तर मधलं अंतर खालच्या पातीच्या व्यासाच्या तिप्पट आणि ते आट्याच्या पटीत. नाहीतर वरची पाती नवी वाट कापते आणि माती सैल करते.

दुसरं, जस्त चढवायचं ते सगळं वेल्डिंग झाल्यावर. आधी गॅल्व्हनाइज केलेला पाइप आणून त्याला पाती जोडली तर जोडाजवळचं जस्त जळतं, आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. वर चांदीचा रंग मारून दिलेला माल घेऊ नका. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे ५ मिमी आणि त्याहून जाड लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं. मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते समोर लावायला सांगा. चांगलं काम करणारा नाही म्हणत नाही.

जोतं | सोमवार, सायंकाळी ७.४५

पिंपळपार, मी सरकारी बांधकामातून निवृत्त झालेला माणूस. मुलीसारखी समजून लिहितो.

आमच्या वेळी काळ्या मातीवर अंडर-रीम्ड पाइल करायचो. रुरकीच्या सीबीआरआयने, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने, ती पद्धत देशभर रुजवली, आयएस २९११ चा भाग ३ त्यावरच आहे. हाताच्या ऑगरने भोक पाडायचं, साडेतीन मीटरच्या खाली कटर उघडून तळाला कंद काढायचा. त्याचा व्यास खांबाच्या अडीचपट. सळई सोडून काँक्रीट भरायचं. चार मजूर, एक तिपाई, बस्स. त्यावर उभी राहिलेली क्वार्टर्स आजही सरळ आहेत. तुझ्याकडे मुरूम नऊ फुटांवर लागला तर हाताने कंद काढणं जड जाईल, तिथे हा स्क्रू सोयीचा ठरेल असं मला वाचताना वाटलं.

पण पाइल कोणताही घे, खोली बिघडते ती त्याच्या वरच्या कामात. पाइलच्या डोक्यांना जोडणारा बीम जमिनीवर टेकवायचा नाही. खाली सुमारे ८० मिमी पोकळी ठेवायची. मिस्तरी हमखास मातीवरच पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) करून त्यावर बीम ओततो, त्याला ते स्वच्छ काम वाटतं. मग माती फुगून बीमलाच खालून ढकलते आणि पाइलचा खर्च पाण्यात. फरशीही तशीच. भरावावर फरशी घातलीस तर दोन वर्षांत मधोमध पोट येईल. आईची खोली आहे, तिथे उंचवटा नको. स्लॅब बीमवरच टाक.

आणि मला सांग, पश्चिमेला झाड आहे का? बाथरूमचं पाणी कुठे जातं?

पिंपळपार | सोमवार, रात्री १०.३०

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून टॉर्च घेऊन बाहेर गेले. त्या कोपऱ्यापासून बारा फुटांवर कडुनिंब आहे, वडिलांनीच लावलेला, आता घरापेक्षा उंच. आणि बाथरूमचं पाणी पूर्वी शोषखड्ड्यात जायचं. खड्डा कधीच बुजलाय. पाणी भिंतीकडेला मुरतं, जमीन तिथे अजून ओली होती. तीस वर्षं आम्ही चिरेकडे बघत होतो, जमिनीकडे कोणी बघितलंच नाही.

जोतं | मंगळवार, सकाळी ७.१०

मग तुझ्या चिरेचं कारण तिथेच आहे. उन्हाळ्यात कडुनिंबाची मुळं पायाखालचं पाणी ओढतात, तो कोपरा इतर घरापेक्षा जास्त सुकतो. बाथरूमची बाजू बाराही महिने ओली. एक कोपरा सुकतो आणि एक भिजतो, अशा वेळी घर पिळलं जातं. सगळं घर सारखं खाली-वर झालं असतं तर चीर पडलीच नसती.

झाड तोडू नकोस. मोठं झाड एकदम काढलं की माती कितीतरी पावसाळे फुगत राहते आणि घर उलट्या बाजूने फाटतं. आधी पाणी पाइपाने लांब काढ. छताचं पाणी खाली पडतं तिथे घराभोवती चार-पाच फूट रुंदीची फरसबंदी कर, उतार बाहेरच्या बाजूला. झाड आणि भिंत यांच्यामध्ये मुळं अडवणारी खोल भिंत घालता येते, ते इंजिनिअरला विचारून.

मातीकाम | मंगळवार, सकाळी ९.२५

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि म्हणूनच, या पाइलने जुन्या घराची चीर थांबेल का, या ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. जुन्या पायाला बाहेरून लोखंडी कंस लावून त्याखाली स्क्रू पाइल देण्याची पद्धत आहे, परदेशात खचलेली घरं तशी उचलतात. पण तिथे पाया बहुधा सलग काँक्रीटचा असतो. कंस एका बिंदूवर भार घेतो. तुमचा पाया सुट्या दगडांचा. कंसाजवळचे दोन दगड उचलले जातील आणि मधले तिथेच राहतील. त्यासाठी आधी पायाच्या दोन्ही अंगांना आरसीसी बीम घालून दगड बांधून घ्यावे लागतात. बैठ्या घरासाठी एवढं करण्याआधी पाण्याची वाट बदला आणि दोन वर्षं चीर मोजा. जुनं घर आणि नवी खोली यांच्यात मात्र पूर्ण सांधा ठेवा. भिंत भिंतीत गुंफू नका, दोघं वेगळ्या तालात हलणार आहेत.

हिमगोदा | मंगळवार, दुपारी ३.४०

मी मूळची पंचवटीची, सध्या कॅनडात विनिपेगला. इथली जमीन म्हणजे अगासिझ नावाच्या प्राचीन हिमसरोवराच्या तळाची चिकणमाती. तीही आपल्या काळीसारखी फुगते-आकसते. वर आणखी हिवाळ्यात जमीन गोठून वर उचलली जाते ते वेगळंच. इथे पडव्या, डेक, छोट्या खोल्या सर्रास स्क्रू पाइलवर उभ्या असतात. आमच्या मागच्या पडवीचे सहा पाइल दोन माणसांनी एका छोट्या यंत्राने सकाळी सुरू करून जेवणाआधी संपवले. उभ्या पाइपच्या डोक्यावर पट्टी बसवली आणि दुपारी त्यावर लाकूड चढलं.

इथेही तोच नियम: पाती गोठणाऱ्या थराच्या खाली. आमच्या शेजाऱ्यांनी जुन्या पडवीला उथळ काँक्रीटचे खांब घातले होते, ते दर हिवाळ्यात थोडेथोडे वर येत गेले आणि दार लागेनासं झालं. नाशिकची चीर मेमध्ये उघडते, इथली दारं फेब्रुवारीत अडकतात. ताईंचा धागा वाचताना घरची खूप आठवण आली.

रामकुंड_ते_तपोवन | बुधवार, सकाळी ८.५५

थोडं वेगळं विचारतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी तात्पुरते मंडप, टेहळणीचे मनोरे, निवारे लागतील. काम झाल्यावर उलटं फिरवून काढता येणारा पाया तिथे उपयोगी नाही का? दर बारा वर्षांनी शेतजमिनीत काँक्रीटचे गठ्ठे मागे राहतात, शेतकऱ्यांना ते पुढे त्रास देतात.

मातीकाम | बुधवार, सकाळी १०.१५

उपयोगी आहे, जागा बघून. साधुग्रामासाठी घेतात त्या शेतजमिनीत माती आहे, तिथे स्क्रू अँकर छान बसतील. मंडपाला खरा धोका वजनाचा नसतो, वाऱ्याने उचलला जाण्याचा असतो, आणि ओढीला हे पाइल पक्के असतात. सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे भिजलेल्या मातीत ओढून बघूनच संख्या ठरवावी लागेल, एप्रिलच्या चाचणीवर विसंबून चालणार नाही. नदीपात्रात आणि घाटांवर मात्र विसरा. गोदावरीचं पात्र तिथे बसाल्टचं आहे, पाती टेकली की नुसती फिरत राहील.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवतो. बारीक दांड्याचा पाइल आडव्या धक्क्याला कमजोर असतो. नाशिकला भूकंपाचा मध्यम धोका आहे. खोलीला डिझाइन करताना स्ट्रक्चरल इंजिनिअरने आडवा भार कोण घेणार हे लिहून द्यायला हवं. गरज पडली तर दोन पाइल तिरके घ्यावे लागतात.

पिंपळपार | २४ दिवसांनंतर, शनिवार, रात्री ८.४०

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. काम झालं. नीट क्रमाने लिहिते, पुढे कोणाला शोधताना सापडलं तर उपयोग होईल.

मातीकाम दादांच्या सांगण्याप्रमाणे आधी बोअर घेतला. घरापासून लांब, अंगणाच्या टोकाला एक खड्डाही काढला, आईला खुर्ची टाकून काठाशी बसवलं. २.८ मीटरपर्यंत काळी, शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये चुनखडीचे खडे. मग पिवळसर मऊ मुरूम, हाताने कुस्करता येणारा. पाच मीटरनंतर कठीण मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक. शेजारच्या विहिरीशी जवळपास जुळलं, पण "जवळपास" आणि मोजलेलं यात फरक असतो हे आता कळतं.

खोलीचं एकूण वजन स्लॅब, हलक्या ब्लॉकच्या भिंती आणि बीमवरची फरशी धरून ३० टनांच्या आसपास निघालं. सहा पाइल ठरले, त्यातल्या सगळ्यात जड पाइलवर सात टन. पाइप ८९ मिमी, पात्या दोन: खाली ३००, वर ३५० मिमी, मधे ९०० मिमी. करारात दोन्ही अटी लिहून घेतल्या. टॉर्क ८ च्या वर आणि वरची पाती मुरमात शिरलेली, म्हणजे टोक किमान ३.८ मीटरवर.

यंत्र पुण्याहून आलं. छोटं पोकलेन, त्याच्या हाताला फिरवणारी मोटर. बाजूच्या आठ फुटी बोळातून आत आलं. दर इथे देत नाही, प्रत्येकाची जागा वेगळी. एवढं सांगते की सहा पाइलच्या कामात यंत्राच्या जाण्या-येण्याचा खर्च डोळ्यांत भरण्यासारखा होता. जवळपास आणखी कोणाचं काम असेल तर एकत्र बोलवा.

पहिला पाइल उतरताना द्राक्षमळा भाऊंची आठवण ठेवून पाइपवर खडूच्या खुणा केल्या. भाचा फेरे मोजत होता. वरच्या सुक्या मातीत टॉर्क दीड मीटरवरच साडेसात दाखवू लागला. ऑपरेटर माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, इथेच पक्का बसतोय." मी कागद दाखवला. पुढे अडीच मीटरवर ओल लागली आणि काटा चारावर आला. मुरमात शिरल्यावर पुन्हा हळूहळू चढत ३.९ मीटरला ८.६. दीड मीटरवर थांबलो असतो तर आईची खोली त्या चाराच्या मातीवर तरंगत राहिली असती.

चौथा पाइल २.१ मीटरवर अडला. काटा एकदम वर आणि पाइप जागेवरच फिरू लागला. काळ्या मातीत कुठून तरी आलेला धोंडा असणार. ऑपरेटरने लगेच थांबवलं, उलटा फिरवून बाहेर काढला. इंजिनिअरांना फोन करून ४५ सेंटिमीटर सरकवला आणि त्या बाजूच्या बीमची सळई बदलून घेतली. बाकी पाइल ३.८ ते ४.१ मीटरमध्ये, टॉर्क ८.२ ते ९.४. जुन्या भिंतीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता, पाणी थरथरलं नाही. आई दिवसभर तोच पेला बघत होती.

एका पाइलची भारचाचणीही घेतली. शेजारच्या पाइलना आडवा बीम बांधून जॅकने दाबलं, सात टनांच्या दीडपट, साडेदहा टनांपर्यंत. आयएस २९११ भाग ४ प्रमाणे अशा चाचणीत १२ मिमीपर्यंत खचणं चालतं. आमचं ५ मिमी झालं, भार काढल्यावर त्यातलं निम्म्याहून जास्त परत आलं.

काका, बीमखाली पोकळी ठेवली. मिस्तरींनी पहिल्या दिवशी खरंच मातीवर पीसीसी टाकायला घेतलं होतं. तुमचा प्रतिसाद त्यांना मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी थर्माकोलचे तक्ते मागवले, बीमच्या कडेला विटांचा अर्धा थर लावून माती आत ढासळणार नाही असं केलं, आणि म्हणाले की हे त्यांना आजवर कोणी का ते समजावून सांगितलंच नव्हतं.

कडुनिंब तसाच आहे. बाथरूमचं पाणी पाइपाने बागेच्या टोकाला नेलं. खिडकीजवळच्या चिरेवर पेन्सिलने दोन आडव्या रेघा मारून तारीख लिहिली आहे. यंदा लांबी भरलेली नाही.

जोतं | रविवार, सकाळी ६.५०

पिंपळपार, पाच मिमी वाचून मन भरून आलं. त्या रेघांमधलं अंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहून ठेव. मेमध्ये इथे टाक. आईंना नमस्कार.

द्राक्षमळा | रविवार, सकाळी ७.३०

ताई, भाच्याला सांगा, फेरे मोजायला माणूस लागला तर आमच्याकडं काम आहे. नवीन बागेचे चाळीस अँकर पुढच्या महिन्यात उतरवायचेत. तुमच्या त्या दोन अटी मीही लिहून घेतल्या, वावरात कागद नसतो म्हणून आजवर तोंडीच चालायचं.

त्र्यंबककर | रविवार, दुपारी १२.१५

मातीकाम सर, आमचं घर त्र्यंबकच्या बाजूला, उतारावर. तीन फुटांवर काळा पाषाण लागतो. आम्हीही हेच पाइल घ्यावेत का?

मातीकाम | रविवार, दुपारी १.४०

नाही. तीन फुटांवर अखंड पाषाण असेल तर पाती त्यात शिरणारच नाही, आणि तुम्हाला तिची गरजही नाही. साधं फुटिंग खडकावर घ्या. उतार आहे म्हणून तळ पायऱ्यांसारखा सपाट तासून घ्या आणि वरून येणारं पावसाचं पाणी पायापासून वळवा. फक्त तो खरंच अखंड खडक आहे की मोठा सुटा धोंडा, हे एकदा पहारीने नीट ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर फोटो टाका.